ओनोफ्रेनं मागितलेली पाच मिनिटं

ओनोफ्रेला एका जागी बसलेलं ब्राझीलमधल्या आमच्या सोब्राल गावात कुणी पाहिलं नाही. त्याच्या हयातीत दोन महायुद्धं झाली, रेडिओ आला, माणूस चंद्रावर जाऊन आला; पण या सगळ्या बातम्या त्यानं उभ्यानंच ऐकल्या. स्वतःच्या लग्नात पाद्रीबाबांचं चाललेलं असताना तो दोनदा दारापर्यंत जाऊन गाढव बघून आला होता. बायको जोविना ही गोष्ट सांगायची तेव्हा दोनदाचं तीनदा व्हायचं, तीनदाचं पाचदा.

धंदा पाणक्याचा. गाढवावर लाकडी पिंपं लादायची आणि घरोघर पाणी घालायचं. एकोणीसशे एकोणीस साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. नदी आटली, वाळूत खड्डे खणून वाटीवाटीनं पाणी काढायची वेळ आली. माणसं बोचकी बांधून आगगाडीनं बंदरावर आणि तिथून बोटीनं अमेझॉनच्या रबराच्या रानात जायला लागली. परत येणारे मोजकेच, तेही हिवतापानं पिवळे पडलेले. ओनोफ्रेनं मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारच्या गाडीला नाव दिलं. शेजारच्या गाउदेंसियोनंही दिलं.

"शनिवारच्या आत एक सर आली ना, तरी मी जात नाही," ओनोफ्रे जोविनाला म्हणाला.

जोविनानं ते मनावर घेतलं. आमच्याकडे पाऊस अडला की दुसऱ्याच्या घरातला लाकडी संत जोसेफ चोरतात. पाऊस पडेपर्यंत त्याला घर दिसू द्यायचं नाही. पडला की वाजतगाजत परत. जोविनानं गाउदेंसियोच्या बायकोचा, कितेरियाचा संत पळवला. गावाला ठाऊक, कितेरियालाही ठाऊक.

"जोविना, माझा म्हातारा तुझ्याकडं आहे ना गं?"

"कुठला म्हातारा? तुझा नवरा तर आत्ता विडी ओढत गेला."

"पिठाच्या डब्यात कोंबू नकोस हो त्याला. दाढीत पीठ जातं."

"पाऊस पाड म्हणावं, मी दाढी धुऊन देते!"

त्याच सुमारास परदेशातले काही साहेब मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन आमच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरले होते. गुरुवारी सूर्याला खग्रास ग्रहण लागणार होतं, त्याचे फोटो काढायचे होते. त्यांना पाणी घालायचं काम ओनोफ्रेला मिळालं. ग्रहण सुटलं की काम संपणार, असा त्याचा हिशेब.

गुरुवार उजाडला तो ढग घेऊनच! बायकांनी दारात घागरी, परातीसुद्धा मांडल्या. ओनोफ्रे नाचतच मैदानावर गेला. तिथं दुभाष्या तेओफिलो त्याच्या अंगावर धावून आला.

"दात काय काढतोस? साहेबांकडे बघ, घरात मयत झाल्यासारखे बसलेत."

"पाऊस येतोय, मालक!"

"तोच यायला नको! सूर्य झाकला की त्याच्या शेजारचे तारे दिसतात. सूर्याजवळून येताना त्यांचा उजेड वाकतो की नाही, ते फोटोत बघायचंय."

"उजेड वाकतो?"

"वाकला, तर आजवर शाळेत शिकवलं ते पुन्हा नव्यानं शिकवावं लागेल."

"मग न वाकलेलाच बरा. मास्तरांचे केवढे हाल!"

हसत हसत तो पिंप उतरवायला गेला आणि थबकला. एक वयस्क साहेब रुमालानं तीच काच पुन्हा पुन्हा पुसत होता. एवढा समुद्र ओलांडून आलेला माणूस, आणि डोक्यावर हे ढगांचं गोधडं. ओनोफ्रेचा जीव कालवला. तो गाढवाभोवती एक फेरी मारून आला, मग दुसरी. शेवटी मनात म्हणाला, "बाबा जोसेफ, पाच मिनिटं उघड. पाचच. मग परत घाल झाकण."

आणि ऐन वेळी ढगांना भोक पडलं हो! नेमकं सूर्यापुढं. नऊच्या सुमाराला अंधार झाला, कोंबड्या झाडावर चढल्या, गावातून ताटं बडवल्याचा आवाज आला. एक माणूस मोठ्यानं आकडे म्हणत होता, साहेब दुर्बिणीत फोटोच्या काचा घालत होते, काढत होते. काळ्या सूर्याभोवतीची पांढरी झालर बघताना ओनोफ्रे गाढवाचा कान धरून उभा होता. तेवढ्यातही पायांची चुळबुळ चालूच.

उजाडलं. ढग मात्र परत जमले नाहीत. दुपारी आकाश तव्यासारखं तापलं.

शुक्रवारी त्यानं जोविनाला खरं सांगून टाकलं.

"पाच मिनिटं म्हणालास? आणि परत झाकायला?"

"तेही सांगितलं गं!"

"मोठ्यानं?"

"मनात."

"मनात! अरे, त्याचे कान पिठानं भरलेत!" ती हसली, आणि मग हसता हसता ओंजळीत तोंड लपवून बसली.

संध्याकाळी तेओफिलो आला. "उद्यापासून दुप्पट पाणी लागेल. काचा धुवायच्यात. आणि जुलैत साहेब पुन्हा येणार, तेच तारे सूर्य जवळ नसताना टिपायला. तूच हवास."

ओनोफ्रे राहिला. गाउदेंसियोला असं कोण ठेवून घेणार? शनिवारी अर्धी आळी गाडीत चढली. ओनोफ्रे डब्यासोबत धावत होता.

"गाउदेंसियो, ऐक! ते ढग मीच... मी पाच मिनिटं मागितली होती!"

"तुझं ऐकतो होय तो?" गाउदेंसियो खिडकीतून ओरडला. "तुझं गाढव ऐकत नाही!"

डब्यातली माणसं हसली, गाडी वळणाआड गेली.

वर्ष सरता सरता मास्तर पेपर नाचवत आले. "ओनोफ्रे, उजेड वाकतो! आपल्या मैदानावरच्या फोटोंनी सिद्ध झालं! जग बदललं रे!"

"असेल," तो म्हणाला, आणि तडक कितेरियाच्या दारात गेला.

"वहिनी, पत्र?"

"नाही भाऊजी."

पुढच्या वर्षी पाऊस पडला, कितेरियाचा संत वाजतगाजत घरी गेला, पण पत्र नाही. दर सोमवारच्या गाडीला ओनोफ्रे फलाटावर हजर, या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत.

तिसऱ्या वर्षी एका सोमवारी गाडीतून काठीसारखा वाळलेला, पिवळाजर्द माणूस उतरला. ओनोफ्रे त्याच्या शेजारून दोनदा गेला.

"घोड्या, अजून धावतोयस होय?" तो माणूस म्हणाला.

ओनोफ्रेनं गाउदेंसियोला उचलून गाढवावर बसवलं. घरापर्यंत ओनोफ्रे एकटाच बोलत होता. गाउदेंसियो खोकत होता, आणि मधेच विचारत होता, "कितेरिया बरी आहे ना रे?"