पानवेलीला चालणारी ताई

लेकीला सोळावं सरून गेलं तरी पाळी आली नव्हती. बोईसरमध्ये अशा गोष्टींचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. केस गळाले, हवा खराब. खोकला जात नाही, हवा खराब. शेजारीण म्हणाली, एमआयडीसीच्या धुरात पोरींचं दुसरं काय होणार? नवऱ्याचं अर्धं आयुष्य तिथल्या कारखान्यांत दिवसपाळ्या-रातपाळ्या करण्यात गेलंय, त्यालाही ते पटलं. मीही पटवून घेतलं. धुराला दोष दिला की घरात कुणाकडे बघावं लागत नाही.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त मुंबईला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला बोलावलं. लेक सोबत होती. नवऱ्याने तिला बाहेर बाकावर बसवलं.

बाई सावकाश बोलल्या. गर्भ सुरुवातीला दिसायला ना मुलगा असतो ना मुलगी, म्हणाल्या. मुलगा घडायचा असेल तर एका गुणसूत्रावरून हुकूम सुटतो आणि काही पेशी वृषण बनवायला लागतात. मग ते वृषण स्वतः दोन रसायनं सोडतात. एक गर्भाशय होऊ देत नाही. दुसरं शरीरभर सांगत फिरतं, की मुलासारखं वाढ.

"तुमच्या मुलीत पहिल्याने आपलं काम केलं. तिला गर्भाशय नाही, आणि पोटात वृषण आहेत. पण दुसरं रसायन ओळखणारी जागाच तिच्या पेशींत नीट नाही. रक्तात ते भरपूर आहे, पेशींना त्याचा पत्ताच नाही. म्हणून ती मुलगी म्हणून वाढली, आणि ती मुलगीच आहे."

मी मान डोलावत होते. ही बाई माझ्या पोरीबद्दल 'वृषण' म्हणतेय, एवढंच डोक्यात घुमत होतं. मला तिचा संताप आला, तिने काहीही केलं नसताना.

"हे बहुतेक वेळा आईकडून येतं," त्या म्हणाल्या. "माहेरी कुणी आहे का, कधीच पाळी न आलेली?"

आहे ना. माझी सख्खी थोरली बहीण.

आमचं माहेर पालघरजवळच्या माहीमचं, घरची पानवेलींची वाडी. पाळीच्या दिवसांत बाईने वेलींत जायचं नाही, पानं जळतात, असं तिथे मानतात. मी आणि आई दर महिन्याला कुंपणाबाहेर, ताई मात्र बारा महिने आत. तिचं लग्न झालं, मूल होईना म्हणून सासरच्यांनी दोन वर्षांत परत धाडलं, ती पुन्हा वेलींत शिरली. "वेलीला हिचाच हात मानवतो," असं बाबा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. का मानवतो, हे कुणी विचारलं नाही. फुकटचं माणूस मिळालं होतं, विचारतंय कोण!

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलीला खरं सांगा आणि लवकर सांगा. बहिणीलाही तपासायला आणा, वय वाढलं की आतल्या वृषणांत वाईट गाठ होऊ शकते. रिक्षात लेकीने विचारलं, काय म्हणाल्या? "थोडी कमजोरी आहे," नवरा म्हणाला. मी रस्त्याकडे बघत राहिले.

रविवारी मी लेकीला घेऊन माहीमला गेले. ती अंगणात मांजरीशी खेळत बसली, आणि आत मी ताईला आणि भावाला सगळं सांगितलं. गाठीचं ऐकलं तेव्हा ताईने ओटीपोटावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

भाऊ मनाने वाईट नाही. जरा विचार करून म्हणाला, "मंग काळजी कसली? लगीन नाय झालं तर इकडं आण तिला. ताईच्या मागं वाडीला कोणतरी पायजेच."

ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"सासूनं मला डॉक्टरकडं नेली होती, आपली आई बी संगं होती," ती मला म्हणाली. "त्यानं आईला आत बोलावून कायतरी सांगितलं. आई रडत भायेर आली. मी विचारलं तर म्हणाली, कमजोरी हाय."

मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"मंग बोलव."

लेक आत आली. ताईने तिला जवळ बसवलं आणि नुकतंच ऐकलेलं सगळं अडखळत, आपल्या बोलीत सांगितलं. पोटात काय नाही, काय आहे. "माजं बी तसंच हाय," ती शेवटी म्हणाली.

मला वाटलं होतं, एकटी नाही हे कळून पोरीला धीर येईल. ती ताईकडे बघत राहिली, तिच्या विरलेल्या लुगड्याकडे, पानं खुडून काळ्या पडलेल्या नखांकडे, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"मला पण इथे ठेवणार?" तिने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ताई बोलली.

"नाय. मी जित्ती हाय तोवर नाय."