दिवस वाढत नाहीत

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मॅडम रोज सकाळी सगळ्यांना उभं करून कामं विचारायच्या. कुणी पाल्हाळ लावलं की म्हणायच्या, "थोडक्यात, बाबा!" दर पंधरवड्याला गिऱ्हाईकाला चालू काम दाखवायचंच, ही त्यांची नवीन पद्धत.

एकदा बिल छापायच्या प्रोग्रॅमचं माझं काम अडलं. "मॅडम, दोन दिवस वाढवा ना."

"दिवस वाढत नाहीत. काम कमी करू."

त्यांनी स्वतःच्या वाट्याचं रिपोर्टचं काम बाजूला ठेवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या.

दाखवायच्या दिवशी बिल निघालं. आमचे गिऱ्हाईक, कापडवाले शेठ, खूश झाले, मग म्हणाले, "और मेरा रिपोर्ट?"

"नहीं हुआ, सेठजी. अगली बार."

आमच्या मालकांनी सगळ्यांदेखत मॅडमना झापलं. माझं नाव मॅडमनी घेतलंच नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "बिल छान झालं हं." त्या दुखावल्या होत्या की खरंच खूश होत्या, मला अजून कळलेलं नाही.