भेगेपुढचा ठिपका

चिंधू गभणे मूळचा भंडाऱ्याकडचा. धानाची शेतं भावाच्या हवाली करून विसाव्या वर्षी तो भिलाईला आला आणि स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये फिटर म्हणून अडतीस वर्षं राबला. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. मग खुर्सीपारला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि पुढच्या खोलीत बायकोनं, नलूनं, आटाचक्की टाकली. दळणाचे पैसे बहुतेक चिल्लरमध्येच यायचे. त्या चिल्लरमध्येच एक दिवस त्याच्या हाताला दहाचं खोटं नाणं लागलं.

"द्या ना कोणाले चालवून," नलू म्हणाली. "कोण पाहते?"

"कोण पाहते म्हंजे? मी पाहून राहिलो ना!" चिंधू म्हणाला आणि नाणं खिशात टाकलं.

तिथून त्याला नादच लागला. फरशीवर टाकलं की खोटं नाणं बद्द वाजायचं. मधली पांढरी चकती पिवळ्या कड्यात नीट बसलेली नसायची, नख अडकायचं. दहा रेषांचं खरं आणि पंधरा रेषांचं खोटं, अशी अफवा बाजारात होती. दोन्ही खरीच आहेत हे सांगून सांगून चिंधू थकला. खोटी निघालेली नाणी तो पुठ्ठ्यावर चिकटवी आणि खाली तारीख लिही. आजूबाजूचे लोक त्याला सिक्केवाले बाबा म्हणू लागले. ठाण्यातला हवालदारसुद्धा कधीमधी नाणं दाखवायला यायचा. प्लांट सुटल्यापासून आपल्या हातातल्या विद्येला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे चिंधूला ते बरं वाटायचं.

खोट्या नाण्यांत एक जात वेगळी होती. सिंहाच्या पायाशी केसाएवढी उठावाची रेघ. चिंधूनं ओळखलं, की नाणं ठोकणारा साचा, म्हणजे डाय, चिरला आहे आणि साच्याची भेग नाण्यावर रेघ होऊन उमटते आहे. पुढच्या महिन्यातल्या नाण्यांवर तीच रेघ जरा लांब दिसली, त्यापुढच्या महिन्यात आणखी लांब. "आता फुटते त्याची डाय," असं तो नलूला हसून सांगायचा.

मार्चमध्ये हवालदारानं त्याला ठाण्यात बोलावलं. बाकावर तुळसाबाई बसली होती. सुपेल्याच्या बाजारात भाजी विकणारी, साठीतली विधवा बाई. तिचं दळण नेहमी चिंधूकडंच असायचं. ठोक व्यापाऱ्याला तिनं चिल्लरची थैली दिली होती. त्यात पंचवीस खोटी नाणी निघाली आणि त्यानं पोलीस बोलावले.

"चिंधूभाऊ, तुमीच सांगा यायले," ती रडत म्हणाली. "गिऱ्हाइकानं देल्ले, मी घेतले. मले का समजते त्यातलं?"

चिंधूनं भिंग लावलं. नाणी खोटीच होती, तीच रेघ होती. पण रेघ आता वाढायची थांबली होती, आणि तिच्या टोकापुढं, किंचित अंतर सोडून, एक बारीक ठिपका होता.

चिंधूनं नाणं उजेडाकडं फिरवून पुन्हा पाहिलं. भेग वाढू नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडतात, हे कोणताही फिटर जाणतो; साच्यातलं असं भोक नाण्यावर ठिपका होऊन उमटतं. पण भोक टोकावर न पाडता जरा पुढं पाडायचं, ही चिंधूची स्वतःची रीत होती. डोळ्याला टोक दिसतं त्याच्या पुढंही भेग गेलेली असते, असं त्याचं म्हणणं. मशीन शॉपमध्ये लोक त्यावरून त्याला हसायचे. ही रीत त्यानं एकालाच हात धरून शिकवली होती, आपल्या मुलाला. अंकुर दोन वर्षांपासून कुम्हारीच्या एका कारखान्यात होता. मेडल आणि बिल्ले बनवतो, असं सांगायचा.

"क्या बोलते हो, गभणेजी?" हवालदारानं विचारलं.

"नकली है," चिंधू म्हणाला. ठिपक्याचं न सांगताच त्यानं भिंग खिशात टाकलं. तुळसाबाई त्याच्याकडं बघतच राहिली.

संध्याकाळी अंकुर कामावरून आला तसं चिंधूनं चक्कीच्या गल्ल्यात सापडलेलं तसंच ठिपक्याचं नाणं त्याच्यापुढं धरलं. अंकुरनं भिंग मागितलं नाही.

"मी छापत नाही, बाबा. मी फक्त डाय दुरुस्त करतो."

"तुले माहीत होतं का?"

"पहिल्या दिवशी नव्हतं."

"तुळसाबाई ठाण्यात बसून हाय, अंकू."

"उनकी जमानत हो जाएगी. माह्यी नाही होणार." अंकुर बूट काढता काढता थांबला. "आणि सेठ मले जित्ता सोडणार नाही."

"मंग तूच जा. आपल्या तोंडानं सांग."

अंकुर उठून आत गेला. सकाळी नेहमीसारखा डबा घेऊन कुम्हारीला निघून गेला. तो परत येईल म्हणून चिंधूनं दहा वाजेपर्यंत वाट पाहिली. मग पुठ्ठा पिशवीत घातला. नलू दारात आडवी उभी राहिली.

"एकच लेकरू हाय आपल्याले. कावून जाता?"

"ते बाई काहीच न करता बसून हाय तिथं."

नलू बाजूला झाली. "जा. वापसही या. पण मले आवाज देऊ नका."

चिंधूच्या सांगण्यावरून कारखान्यावर धाड पडली, तोवर सेठला कुठूनतरी कळलं होतं, तो पळाला. सापडले ते मशीनवरचे तिघं, त्यांत अंकुर. तुळसाबाई आठ दिवसांनी सुटली. लाल भाजीची मोठी जुडी घेऊन ती चिंधूकडं आली आणि त्याच्या पाया पडायला वाकली. नलूनं तिच्या हातातून जुडी घेतली आणि तिच्या देखतच रस्त्यावरच्या गाईपुढं टाकली. तुळसाबाई पुन्हा दळण घेऊन आली नाही.

खटल्यात चिंधू सरकारी साक्षीदार होता. वकिलानं विचारलं, "ये निशान आपने पहचाना कैसे?"

"मैंने ही सिखाया था," चिंधू म्हणाला. अंकुरनं त्या वेळी वर पाहिलं, एकदाच. नंतर सात वर्षांची शिक्षा ऐकतानाही तो मान खाली घालूनच उभा होता.

दुर्गच्या जेलात भेटीच्या दिवशी चिंधू दोनदा गेला. दोन्ही वेळा आतून निरोप आला, की मुलाला भेटायचं नाही. तेव्हापासून नलू एकटीच जाते. त्या दिवशी चिंधू चक्की बंद ठेवतो आणि दुपारपासून बस थांबते तिथं जाऊन उभा राहतो. परवाही तसाच उभा होता. नलू उतरली. जाताना पिशवीत मुलासाठी नेलेले चिवड्याचे डबे रिकामे होऊन परतले होते.

"बरा हाय?" त्यानं विचारलं.

नलू चालतच राहिली. त्यानं पिशवी घ्यायला हात पुढं केला, तशी तिनं ती दुसऱ्या हातात घेतली. चिंधू तिच्या मागून चार पावलं सोडून घराकडं चालू लागला.