शनिवारभर झोपलेल्या काकू

त्यांना सगळे चेनवाल्या काकू म्हणत. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खिडकीला कपडे द्यायघ्यायची फळी आणि दिवसभर बॅगांच्या, जाकिटांच्या, पँटींच्या बिघडलेल्या चेन. मागच्या खोलीत नवरा. सहा वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून रात्रीतून दोनदा उठून त्याला कुशीवर वळवायचं काम काकूंचं. सलग झोप म्हणजे काय, हे काकू विसरूनच गेल्या होत्या.

प्रार्थना मंडळाच्या बायका दरवर्षी शनिवार-रविवार शहराबाहेर तळ्याकाठी जाऊन राहत. काकूंचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी बघू." यंदा मात्र थोरली जाऊ पिशवी घेऊन दारात उभी. दोघींचं फारसं सख्य नव्हतं. जाऊबाई फटकळ, एक घाव दोन तुकडे.

"मी राहते दोन दिवस. तू जा."

"अहो ताई, यांचं सगळं अंथरुणातच असतं. तुम्हाला कसं सांगू?"

"माझं लग्न झालं तेव्हा हा सहा वर्षांचा होता. शेंबूड पुसलाय मी त्याचा. मला काय सांगतेस?"

आतून नवरा अडखळत म्हणाला, "जा गं... वहिनीचे टोमणे... मी खातो."

शनिवारी सकाळी बस तळ्याकाठी पोचली. मंडळाच्या प्रमुख एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांनी सगळ्यांना झाडांखाली बसवलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. मन देवापाशी न्या." काकूंनी पहिलं वाक्य तंतोतंत पाळलं. पाठ खोडाला टेकली आणि त्या गाढ झोपल्या. प्रार्थना झाली, प्रवचन झालं, जेवणं झाली. कोणीतरी अंगावर शाल घातली, कोणीतरी ताट झाकून ठेवलं. जाग आली तेव्हा ऊन पलीकडच्या काठावर गेलं होतं. ओशाळून चार घास खाल्ले, खोलीत गेल्या आणि पुन्हा पडल्या, त्या थेट रविवारी उजाडेपर्यंत.

सकाळी त्या एकट्याच पाण्यापाशी गेल्या. देवाला जाब विचारायचा, हे सहा वर्षं मनात घोळत होतं. आज वेळ होता, देवही समोर असल्यासारखा वाटत होता. पण जाब काही आठवेना. आठवलं ते भलतंच. यांची वाचा अडखळती का होईना, राहिली. माझे हात चालतात. ताई न बोलावता आल्या. "बरं झालं रे देवा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, थोडं रडल्या आणि गार पाण्यानं तोंड धुतलं.

निघण्याआधी प्रत्येकीनं काय मिळालं ते सांगायचं होतं. कोणाला शांती मिळाली, कोणाला वाट दिसली. काकू म्हणाल्या, "मी... झोपले."

हशा पिकला. नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. "चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. एकाला औषध लागतं, दुसऱ्याला झोप. कोणाला काय द्यायचं, ते देवाला कळतं."

घरी आल्या तर नवऱ्याच्या हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. "दाढी केली. हलतो फार," जाऊबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. तू सहा वर्षं हे करतेस? कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

जाऊबाईंनी वस्तरा पुसून बाजूला ठेवला.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं. दर गुरुवारची रात्र माझी."

तेव्हापासून एकही गुरुवार चुकलेला नाही. जाऊबाई दुपारीच येतात, खिडकीपाशी बसतात आणि गिऱ्हाइकांना फैलावर घेतात, "बॅग आहे की गोणी? किती कोंबाल?" धंदा बुडणार, अशी काकूंना धास्ती होती. पण आता काही जण मुद्दाम गुरुवारीच येतात.