इंजिनाची जाळी

आमच्या बागेचं इंजिन माझ्यामुळे बसलं, असं घरात अजूनही सांगतात. नातवांनाही तेच सांगितलंय. म्हणून हे लिहायला बसले.

गोष्ट पंच्याऐंशी सालच्या आसपासची. सौंसरजवळ आमची संत्र्याची तीनशे झाडं आणि विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. इंजिन जिथून हवा घेतं तिथे एक डबा असतो. बुडाशी तेल, वर तारेची जाळी. धूळ तेलात बसते आणि साफ हवा आत जाते. हा डबा दर आठवड्याला खोलून धुवायचं काम माझं. ते कोणी ठरवलं नव्हतं. हात काळे होणारी कामं बाईकडे येतात, तसं आलं. मी जाळी रॉकेलमध्ये धुवायचे, जुनं तेल ओतून टाकायचे, तर बुडाशी बोटभर गाळ निघायचा. विहीर गाडीवाटेला लागून, आणि कापसाच्या गाड्या दिवसभर धुरळा उडवत जायच्या. त्या इंजिनाच्या नाकातोंडात काय जातं, हे घरात मला एकटीला माहीत होतं.

संत्र्याला ताण देतात. डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत. जानेवारीत पाणी सोडलं की झाड आंब्या बहराच्या फुलावर येतं. पण एकदा पाणी सुरू केलं की खंड पडता कामा नये. पडला तर फुलं गळतात आणि वर्ष हातचं जातं.

नेमका ताण तोडायच्या, म्हणजे पाणी सोडायच्या, आठवड्यात माझा धाकटा दीर पांढुर्ण्याच्या एका गॅरेजात बसून आला.

"वैनी, तिथं पोट्टे मोटरसायकलचा फिल्टर काढून फेकून राहिले. गाडी नुसती उडते! इंजिनलेबी मोकळी हवा पायजे. आपण त्याचं नाक दाबून ठेवलं हाय."

"दाबलं नाही भाऊजी, नाकाले पदर लावला हाय. त्या डब्यातून किती माती निघते, पाह्यली का कधी?"

नवरा हसला. "आली चौथी पास इंजिनेर! तू चूल फुक."

"चूल फुकते म्हणूनच सांगून राहिली. हवेसंगं राख येते, अन् डोळ्यात जाते."

दोघांनी डबा उतरवलाच. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून भोंगा केला आणि त्याचं मोठं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे गाडीवाटेकडे, वळवलं. सायलेन्सरही अर्धा कापला. इंजिन सुरू केलं तर आवाज लोधीखेड्याला जाईल असा. धूर कमी झाला, हे खरं. पाणीही थोडं जोरात पडलं, तेही खरं. खोटं कशाला सांगू? पण अर्धा जोर नुसता आवाजाचा होता. आजूबाजूचे बागवाले बघायला आले. दिराने सगळ्यांना चहा पाजला. चहा मी केला.

डबा उकिरड्यावर टाक म्हणाले. मी तो जाळीसकट धुतला, फडक्यात बांधला आणि तुरीच्या कोठीमागे ठेवला.

बाग फुलावर आली, आणि त्याच दिवसांत इंजिन तेल ओकू लागलं. हँडल मारलं तर हलकं फिरायचं, आत दाबच धरेना. एका सकाळी सुरूच झालं नाही. शेजाऱ्यांच्या बागाही पाण्यावर होत्या, त्यांचं इंजिन कोण देणार?

सौंसरचा मिस्त्री आला. त्याने हेड खोललं, आत बोट फिरवलं आणि ते नवऱ्यासमोर धरलं. बोटाला रेती.

"हवेचा डबा कुठं हाय?"

"हिनं धुवाले नेला अन् हरवून टाकला," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता. दीर विहिरीत पाहत राहिला.

मी घरी गेले, फडकं घेऊन आले आणि मिस्त्रीच्या पुढ्यात सोडलं.

मिस्त्रीने जाळी पाहिली, भोंगा पाहिला. "भाऊ, हे इंजिन हाय का गिरणी? वरून माती टाकता, खालून काय पीठ पायजे?"

नवरा मिस्त्रीला काही बोलला नाही. मला बोलला. "चारचौघात इज्जत काढली तू."

इंजिन कोणी मोडलं, खोटं कोण बोललं, आणि इज्जत काढली मी!

पिस्टन आणि लायनर नागपूरहून यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस मी आणि दोन मजूर बाया घागरींनी पाणी घालत होतो. विहिरीजवळची चाळीसेक झाडं तेवढी भिजली. बाकीच्या झाडांखाली फुलांचा सडा पडला आणि वाळून गेला. त्या वर्षी त्या चाळीस झाडांनाच संत्री लागली.

इंजिन पुन्हा जोडलं. मिस्त्रीने जाळी बसवली, आणि ती धुवायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. मी धुतली. पण त्या दिवसापासून इंजिनाचं हँडल मी कोठीमागे ठेवू लागले. बागेला पाणी द्यायचं तर दोघांनीही आधी डबा खोलून मला दाखवायचा, मग हँडल मागायचं. दोघंही मागत, मान खाली घालून, पुढची कितीतरी वर्षं.

नातवांना हँडलाचं सांगत नाहीत. डबा हरवला होता, एवढंच सांगतात.