आईच्या ब्लाऊजसाठी शोधलेले शब्द

आमची गुरुवारची सुट्टी. चाकणच्या कंपनीत मी तपासणी विभागात आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतले दोष शोधायचे. त्या गुरुवारी मात्र दिघीच्या घरात लॅपटॉप मांडीवर घेऊन मी शब्द शोधत बसलो होतो. समोर खिडकीपाशी आई मशीनवर होती.

आई आधीपासून ब्लाऊज शिवायची. तिचं ऑपरेशन झालं, डावी छाती काढावी लागली, आणि बरी होऊन उठल्यावर तिने स्वतःसाठी एक वेगळा ब्लाऊज शिवला. त्याला आतून कप्पा होता. कप्प्यात कापसाची गादी, गादीच्या पोटात मोहरीची पुरचुंडी. नुसत्या कापसाला वजन नसतं, मग खांदा एका बाजूला उचलला जातो, असं ती कधीतरी बाबांना सांगताना मी ऐकलं होतं. दवाखान्यात तपासणीला भेटणाऱ्या बायकांनी तो ब्लाऊज पाहिला आणि तसाच मागितला. हळूहळू ती तेवढंच शिवायला लागली.

वेबसाइट मी व्हिडिओ बघून बनवली होती. त्यात ‘लेडीज टेलर दिघी’, ‘ब्लाऊज शिवून मिळेल’ असे शब्द घातले होते. फोन येत होते, पण ते पिंपळे सौदागरच्या मुलींचे, लग्नाच्या डिझायनर ब्लाऊजसाठी. मी घरी आलो की आई माझ्याच फोनवरून प्रत्येकीला नीट समजावून नाही म्हणायची. हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या मित्राने साइट पाहिली आणि म्हणाला, “राव, असे टेलर गल्लोगल्ली आहेत. काकूंकडे जे आहे ते शोधणारी बाई गुगलवर काय लिहील, तो शब्द घाल.”

अडचण तिथेच होती. तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. बाबा ‘ते दुखणं’ म्हणायचे. मी ‘आईची तब्येत’ म्हणायचो. नातेवाइकांना तर गाठ काढली एवढंच माहीत होतं.

आता निवृत्त झालेले बाबा विरंगुळा केंद्रात पत्ते खेळायला गेले, तसा मी विषय काढला.

“आई, ‘ऑपरेशननंतरचा ब्लाऊज’ असं लिहू का?”

“कसलं ऑपरेशन? पित्ताशयाचंही ऑपरेशनच असतं.” तिने मान वर केली नाही.

“मग काय लिहू?”

तिने हातातली टीप शेवटापर्यंत नेली. मग मशीन थांबवलं.

“मी काय शोधलं होतं सांगू? तुम्ही दोघं कामावर गेला होता. लिहायला काही सुचेना, म्हणून फोनला बोलूनच विचारलं. म्हटलं, ब्लाऊज एका बाजूने सैल पडतो, काय करायचं.”

“मग?”

“मग काय, व्हिडिओत एक मुलगी बाजूने टीप कशी मारायची ते शिकवत होती. मला. टीप कशी मारायची.”

ती हसली आणि मलाही हसू आलं. पण ती एकटीच या खोलीत फोनशी बोलत होती, ते चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

“मीपण शोधलं होतं,” मी म्हणालो.

“तू? काय?”

“कंपनीच्या बसमध्ये बसून. आईचं असं ऑपरेशन झाल्यावर तिच्याशी काय बोलावं.”

आईने हातातला ब्लाऊज मांडीवर ठेवला. “काय सांगितलं फोनने?”

“सगळं इंग्रजीत होतं. आपण कमी बोलावं, त्यांचं ऐकावं, असं काहीतरी. तू काहीच बोलत नव्हतीस. म्हणून मीपण गप्प राहिलो.”

“मला वाटलं, तुला अवघड वाटत असेल. मुलगा माणूस.”

“वाटत होतंच.”

“मग आता विचार.”

मला सुचलं ते विचारलं. “खूप दुखायचं का गं?”

मग ती सांगत राहिली. दुखण्यापेक्षा हात वर उचलता येत नव्हता, त्याचा तिला जास्त राग यायचा. वेणी घालता यायची नाही. डाव्या खांद्यावर पदर ठरत नव्हता, आणि घराबाहेर पडली की सगळ्यांची नजर तिथेच आहे असं वाटायचं. चहा ठेवायचाही राहून गेला.

नंतर आम्ही पुन्हा शब्दांकडे वळलो. मी गुगलच्या चौकटीत एकेक शब्द टाकायचो आणि खाली आपोआप काय येतं ते तिला वाचून दाखवायचो. ‘कर्करोग’ तिने लगेच नाकारला. “तो दवाखान्यातल्या फलकावरचा शब्द. बायका कॅन्सरच म्हणतात. लिही, ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा ब्लाऊज.” तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाजारातला भाव सांगावा तसा सहज बोलली. ‘एक छाती काढल्यावर ब्लाऊज’ हे तिने सांगितलं, ते टाइप करताना मी दोनदा चुकलो. ‘पदर नीट बसत नाही’ हेही तिचंच. मी एक सुचवलं: ‘आईसाठी ऑपरेशननंतरचे कपडे’. शोधणारी दरवेळी ती बाईच असेल असं थोडंच आहे. आई म्हणाली, “हो, ते घाल. ते वरच घाल.”

पहिले काही आठवडे फोन अगदीच कमी झाले. मग राजगुरुनगरहून एका मुलाचा आला. तो म्हणाला, “आईसाठी विचारायचं होतं.” पुढे त्याला बोलता येईना. मी म्हटलं, “समजलं भाऊ. गुरुवारी घेऊन या.”

तो आईला मोटारसायकलवर घेऊन आला. माझ्या आईने त्या काकूंना आत नेलं, दार लावलं. आम्ही दोघं जिन्यात बसलो. त्याचीही गुरुवारची सुट्टी होती, तोही चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत होता. आम्ही शिफ्टबद्दल बोललो, नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. आतून आधी काही ऐकू येत नव्हतं. मग बायकांचं बोलणं सुरू झालं, आणि थोड्या वेळाने त्याच्या आईचं हसणं.

तो बोलता बोलता थांबला आणि दाराकडे बघत राहिला.

ते गेल्यावर आई म्हणाली, “वेबसाइटवर तुझा नंबर आहे ना, तो काढ. माझा टाक. बाईने फोन केला तर तिला बाईचाच आवाज ऐकू येऊ दे.”

“आणि मुलांनी केला तर?”

“मुलांशीही मीच बोलेन,” ती म्हणाली, आणि काकूंच्या मापाचं कापड पलंगावर पसरून खडूने रेघ ओढू लागली.