न मागितलेलं सामान

करंजाड्याच्या आमच्या घरात कॉम्प्युटरवर गेम खेळणारं कोणी नाही. मी नाही, बायको नाही, आणि मुलगी लग्न होऊन सासरी गेली. तरीही गेममुळेच आमच्याकडे तो सगळा मनस्ताप झाला.

बायको घरी बसून मॉड्युलर किचनची थ्रीडी चित्रं करते. ओटा, कपाटं, खिडकीतून पडणारा उजेड, सगळं फोटोसारखं दिसतं. त्यासाठी मशीनला ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते कार्ड चालायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. एरवी तिला काम पनवेलच्या एका ठेकेदाराकडून येई. त्या वेळी पहिल्यांदाच थेट गिऱ्हाईक मिळालं होतं, उलव्यातलं एक जोडपं. त्यांना पसंत पडलं तर त्यांच्याच इमारतीतली आणखी दोन घरं मिळणार होती.

पहिल्या व्हिडिओ मीटिंगमध्ये बायको स्क्रीनवर त्यांना कोपऱ्यातलं कपाट दाखवत होती. तेवढ्यात उजवीकडून एक चौकट सरकत आली. तिच्यात तलवार उगारलेला माणूस आणि खाली नव्या गेमची जाहिरात.

"मॅडम, गेम चालू आहे का मध्ये?" गिऱ्हाईक म्हणालं.

"ही तलवार कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची?" त्याची बायको म्हणाली.

सगळे हसले. माझी बायकोही हसली. मीटिंग संपल्यावर मात्र तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "अहो, हे काय होतं?"

पंधरा दिवसांपूर्वी ड्रायव्हर मीच अपडेट केला होता, 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत. आता शोधलं तर ड्रायव्हरबरोबर आणखी चार प्रोग्रॅम घरात शिरले होते. एक गेमचं रेकॉर्डिंग करणारा, एक जाहिराती दाखवणारा, एक सारखा ईमेल मागणारा, आणि एक या तिघांवर लक्ष ठेवणारा. मी घड्याळ लावून तीनदा मशीन चालू केलं. पूर्वी अठ्ठेचाळीस सेकंदांत चालू व्हायचं, आता एक मिनिट बावन्न सेकंद. काहीही उघडलेलं नसताना मेमरी सहाशे एमबीने जास्त भरलेली. सगळं वहीत लिहिलं.

"सोसायटीच्या टाकीचं पाणी मोजता तसं मोजून झालं असेल तर काढा ते," बायको म्हणाली. "शनिवारी अकराला परत मीटिंग आहे."

मी शिरवण्याजवळच्या एका कारखान्यात बाहेर जाणारा माल तपासतो. मालाबरोबरच्या चलानावर जे लिहिलंय तेच खोक्यात गेलं पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. न मागितलेला एक नट जरी गेला तरी गिऱ्हाईक खोकं परत पाठवतं आणि सही कोणाची म्हणून माझ्याकडे विचारणा होते. इथे मी पैसे मोजून कार्ड घेतलं, आणि कार्डाच्या नावाखाली हे लोक माझ्या घरात जाहिरातींचं दुकान मांडून बसले. सही कोणाचीच नाही. आणि मीच म्हणे 'मान्य आहे' दाबलं होतं!

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा ड्रायव्हर घातला. शिफारस केलेला मार्ग मोठ्या बटणात, आपल्या आवडीने निवडायचा मार्ग खाली बारीक अक्षरात. तो उघडला, जुनं सगळं पुसून टाकायच्या चौकटीत टिक केली, आणि यादीत फक्त ड्रायव्हर ठेवून बाकी सगळ्या टिक काढल्या. मशीन शेहेचाळीस सेकंदांत चालू झालं. मी वहीत आकडा लिहून खाली रेघ मारली.

शनिवारी अकराला जोडपं स्क्रीनवर आलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बायकोचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं, कारण माइक कॅमेऱ्यात आहे. स्पीकर मात्र मॉनिटरमध्ये आहेत, आणि मॉनिटरला आवाज त्या कार्डातूनच जातो. त्या आवाजाचाही वेगळा ड्रायव्हर असतो. यादीत तो गेमच्या रेकॉर्डिंगच्या खालीच होता, तसल्याच अक्षरात. मी तोही काढला होता.

बायकोने माइक बंद केला. "काय केलंत तुम्ही?"

"फालतू होतं ते सगळं काढलं."

"आवाज फालतू होता?"

तिने गिऱ्हाइकाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या चष्म्याच्या डब्याला टेकवून उभा केला. चित्र कॉम्प्युटरवर, बोलणं फोनवर. मध्ये दोनदा फोन कटला. चाळीस मिनिटं मी स्वयंपाकघरात उभा होतो, आणि त्या कंपनीचा राग जास्त येतोय की स्वतःचा, हे मला ठरवता येत नव्हतं.

किचन पसंत पडलं. त्या दोन घरांपैकी एकाचं काम आलं. दुसऱ्याचं आलं नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. बायकोने तो विषय काढला नाही, पण मी हिशेब सोडलेला नाही. अर्धी चूक माझी. तपासणाऱ्या माणसाने नाव न वाचता टिक काढली. उरलेली अर्धी त्यांची, ज्यांनी कामाची वस्तू कचऱ्याच्या ढिगात ठेवली आणि दोन्हींना सारखंच लेबल लावलं. आमच्याकडे असं पॅकिंग करणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नसतं.

अपडेट आता दोघं मिळून करतो. ती एकेक नाव मोठ्याने वाचते, मी टिक काढतो. काढलेल्या टिक पुढच्या खेपेला बेशरमपणे परत आलेल्या असतात. गेल्या खेपेला तर यादीत आणखी एक नाव वाढलं होतं. मी चिडून काहीतरी बोललो, तर ती म्हणाली, "ते राहू दे. आवाज?"

"ठेवलाय."

"नीट बघा परत."

मी परत बघितलं. मग दाबलं.